हेस्टरबाईंनी पकडलेला चोर

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या समुद्रकाठची एक जुनी काठी आहे. कड्यावरच्या काटेरी झाडाची फांदी तोडून एका सुताराने मला घडवले आणि टोकाला लोखंडी टोपण बसवले. गावच्या पाद्रीसाहेबांच्या बहिणीचा, हेस्टर ट्रेगार्थन यांचा गुडघा दुखावला, तेव्हा मी त्यांच्या हाती आले.

हेस्टरबाई अविवाहित होत्या. भाऊ अँब्रोज यांचे घर त्याच सांभाळत. बुद्धी मोठी तल्लख. कोणाची कोंबडी कोणी पळवली, हे त्या बसल्या जागी सांगत. अंदाज खरा ठरला की मला फरशीवर ठक्कन आपटत. गाव वाहवा करी, आणि बाईंना ती वाहवा फार आवडे.

एका वसंत ऋतूत चर्चमधला चांदीचा पेला नाहीसा झाला. कपाटाचे कुलूप शाबूत होते आणि त्याची किल्ली पाद्रीसाहेबांच्या स्वयंपाकघरात टांगलेली असे. बाईंनी मोलकरणीला, टॅम्सिनला, समोर उभे केले. तिच्या एप्रनवर ओली माती होती.

"काल दुपारी कुठे होतीस?"

"घरातच होते, बाईसाहेब."

"खोटं! मी हाका मारल्या तेव्हा तू नव्हतीस."

टॅम्सिन गप्प राहिली. खरे तर उरलेली अर्धी पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, घेऊन ती न विचारता आजारी आईकडे गेली होती. ते सांगितले तर नोकरी जाईल, ही तिला भीती. बाईंनी त्या गप्प बसण्याचा अर्थ चोरीची कबुली असाच लावला, मला ठक्कन आपटले आणि हवालदाराला बोलावले.

"हेट्टी, पोरगी चांगली आहे गं," बहिणीला लाडाने हेट्टी म्हणणारे पाद्रीसाहेब पुटपुटले.

"अँब्रोज, तुला सगळेच चांगले वाटतात!"

टॅम्सिन तुरुंगात गेली. पेला काही सापडला नाही.

पुढे घरातले चमचे हरवू लागले. आता तर टॅम्सिनही नव्हती. बाई अस्वस्थ झाल्या. एका सकाळी त्यांनी पाहिले, भावाच्या बाह्यांना ओली माती लागली होती. भावाचे कपडे झटकायचे काम टॅम्सिनचेच होते. तिच्या एप्रनवरची माती कुठून आली, ते बाईंना आता कळले.

त्या मला घेऊन बागेत गेल्या. नासपतीच्या झाडाखाली माती भुसभुशीत होती. मला त्यांनी खोल रोवले. माझे टोपण धातूवर खण्णकन वाजले. त्या वेळी बाईंनी मला आपटले नाही. त्या तिथेच मातीत बसल्या आणि हातांनी उकरू लागल्या.

पाद्रीसाहेब मागून आले. "अगं, हा तर आपला पेला! इथे कोणी पुरला?"

"तूच पुरलास रे, अँब्रोज."

"मी? छे! पण चोर येणार आहेत, हेट्टी. जपून ठेवायला हवं." आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

भावाची स्मृती चालली होती. बाई गप्प राहिल्या असत्या तर त्याचे पद आणि राहते घर वाचले असते. रविवारी त्या भर चर्चमध्ये उभ्या राहिल्या. "टॅम्सिन निर्दोष आहे. चूक माझी आहे," म्हणाल्या, आणि सगळे सांगून टाकले.

टॅम्सिन सुटली त्या दिवशी बाई आणि मी तुरुंगाच्या दाराशी उभ्या होतो. बाईंनी क्षमा मागितली.

"आई गेली, बाईसाहेब," टॅम्सिन म्हणाली. "मी चोर आहे असंच समजून गेली. तिला कसं परत आणाल?"

टॅम्सिन वळून चालू लागली, आणि पुन्हा त्या गावात कधी आली नाही.

पाद्रीसाहेबांचे पद गेले. दोघे भावंडे बंदरापाशी एका लहानशा खोलीत राहू लागली. तिथेही लोक हरवल्या-चोरल्याच्या तक्रारी घेऊन येत. बाई आधी एवढेच विचारत, "ज्याच्यावर संशय आहे, त्याला घरी काही अडचण आहे का, ते पाहिलंत?" आणि मग स्वतः लंगडत त्या माणसाकडे जात, त्याच्यापाशी बसत, त्याचे ऐकून घेत. ठक्कन आपटणे मी विसरून गेले. आता मी बहुधा पाद्रीसाहेबांच्या हातात असे आणि बाई त्यांचा दुसरा हात धरून चालत.

शेवटच्या हिवाळ्यात पाद्रीसाहेब त्यांना म्हणाले, "बाई, तुम्ही माझं फार करता. माझी एक बहीण होती. फार हुशार! तिचं कधी चुकायचं नाही."

बाईंनी त्यांच्या गळ्यापर्यंत घोंगडी ओढली. "चुकायचं हो," त्या हळूच म्हणाल्या. "एकदा फार चुकलं."

मित्रांनो, आता ती दोघेही नाहीत. मी एका जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात उभी आहे. मला कोणी पुसले नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी विसरू लागले असेल, तर त्याचा हात धरा. आणि कोणी समोर गप्प उभे असेल, तर लगेच त्याला चोर म्हणू नका.