आगरावरची खोप

मोनिका भात कापत होती आणि इसिडोर बांधावरून तिच्यावर खेकसत होता.

"विळा ठेव गं! सायेब दुपारी येतोय. तुझ्या ग्रेगरीला आधी आगरावरच्या खोपीत नेऊन घाल."

"कशाला? केंद्र त्याच्यासारख्यांसाठीच ना?"

"गर्दुल्ले दिसले तर आपल्या पोरी कोन करल? डोकं चालव जरा."

भांडुपच्या पूर्वेला, मिठागरांना लागून असलेल्या त्या गावठाणात गर्दची पुडी शिरली आणि वस्तू नाहीशा होऊ लागल्या. नळाच्या तोट्या गेल्या, हंडे गेले, शेवटी क्रुसापुढचा पितळी दिवा गेला. बाहेरचे चोर, असं सगळे म्हणायचे आणि भरदिवसा दारं लावून घ्यायचे. इसिडोर गावचा वडीलधारा. व्यसनमुक्ती केंद्रासाठी त्यानेच सरकारकडे अर्ज केला होता. भाताच्या कोठारात खाटाही मांडून झाल्या होत्या. आज पाहणी झाली, की डॉक्टर आणि औषधांचं अनुदान मिळणार होतं.

मोनिकाने त्याचं ऐकलं. ऑक्टोबरच्या उन्हात ग्रेगरी कुडकुडत होता, नाक सारखं गळत होतं. मिठाचा हंगाम लागला नव्हता, म्हणून मिठागर कामगारांची ती खोप रिकामीच होती.

"आये, कडी नको घालूस," तो म्हणाला.

तिने घातली.

दुपारी साहेब आले. कोठार सारवलेलं होतं. खाटांवर लग्नाच्या ठेवणीतल्या चादरी होत्या.

"पेशंट कुठे आहेत?"

"आपला गाव साफ हाय, सायेब," इसिडोर हसत म्हणाला. "एक पन नाय."

"मग केंद्र कशाला? हे अनुदान दुसरीकडे द्यावं लागेल." साहेबांनी पेनाला टोपण लावलं.



"माझा हाय," मोनिका म्हणाली. "खोपीत कोंडलाय मी त्याला."

"मोने, गप ऱ्हा!"

ती बांधावरून चालू लागली होती. मागे साहेब, त्यांच्यामागे गाव. आगरातलं पाणी जराही हलत नव्हतं.

तिने कडी काढली. आत जळलेल्या चांदीच्या कागदाचा वास होता. कोपऱ्यात ग्रेगरी दिसला. मग डोळे अंधाराला सरावले, तसा त्याच्या शेजारी दुसरा दिसला, त्याच्यामागे आणखी काही. सगळे गुडघे पोटाशी घेऊन, चादरी लपेटून गप्प बसलेले. दाराजवळ इसिडोरचा धाकटा पास्कोल होता.

सकाळी तिने एकट्यालाच आत घातलं होतं. ती गेल्यावर घराघरांतून लोक आले होते, कडी काढून आपापलं पोर आत ढकलून गेले होते. प्रत्येकाने जाताना कडी पुन्हा लावली होती.

"ही मुलं कोणाची?" साहेबांनी विचारलं.

मोनिकाने वळून पाहिलं. माणसं बांधावर एकमेकांपासून अंतर राखून उभी होती. इसिडोर पाण्याकडे बघत होता. पास्कोल बापाकडे.

"माझी लिवा," मोनिका म्हणाली. "सगळी माझी."