मागून म्हणणारं कोणी नाही

घंटा

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी बनाबाईनं वडूजच्या चर्चची घंटा वाजवली, दोर खुंटीला अडकवला आणि ती दारात वाट बघत उभी राहिली. कोणी येणार नाही हे तिला ठाऊक होतं. वर्ष होत आलं, सगळी मंडळी दर रविवारी एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून सांगलीला जायची, प्रार्थनेनं आजार बरे करणाऱ्या ऋषीदादाच्या सभेला. पेटी वाजवणारा गेला, वाचन करणारा गेला. जिच्याशी उभ्या जन्मात पटलं नव्हतं ती शेजारची दगडाबाईसुद्धा गेली. भांडायलाही माणूस लागतं, हे बनाबाईला तेव्हा कळलं.

गीत

(नाही. एकटीचा सूर वर जात नाही.)

कबुली

शुक्रवारी सांगलीहून लेक आली, क्रांती.

"आये, उद्या माझ्यासंगं चल. दादा तुला साक्षीला उभं करणार हायेत."

"उद्या चुन्याचा दिवस हाय गं."

ईस्टरच्या आदल्या दिवशी इथली ख्रिस्ती माणसं आपापल्या कबरींना चुना लावतात आणि पहाटे तिथंच मेणबत्त्या लावून गातात. बनाबाईचा नवरा अर्जुना तिथंच होता. गळ्याच्या कॅन्सरनं गेला.

"कबरींवर जायचं नाही, असं दादा सांगतात. तिथं हरलेली माणसं असतात."

"तुजा बाप हरला व्हय?"

क्रांतीनं मान खाली घातली. "तू एवढंच म्हण, त्यांचा विश्वास कमी पडला म्हणून आजार जिंकला. तू म्हटलंस की घराची गाठ सुटंल. मला लेकरू होईल, आये." आणि मग, उंबऱ्याकडं बघत, "न्हाई म्हणलीस तर माझ्या दारात येऊ नको."

बनाबाईनं पिशवी भरली.

वाचन

सभा हळदीच्या वखारीवरच्या मजल्यावर होती. बनाबाईला पंख्याखाली खुर्ची मिळाली, आलं घातलेला चहा मिळाला. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिला "जेवलात का?" असं विचारलं. ऋषीदादा खाली, तिच्या पायाशी येऊन बसला. खोटं बोलणारा डोळ्यात बघत नाही, असं तिला वाटायचं. हा बघत होता.

"मावशी, देव बाप आहे ना?"

"व्हय."

"मग कुठला बाप लेकराच्या गळ्यात कॅन्सर ठेवील?"

मिरजेच्या दवाखान्यात हाच प्रश्न तिनं भिंतीला विचारला होता. भेटायला आलेले चर्चचे पाळक प्रार्थना करून निघून गेले. याच्याकडं मात्र उत्तर होतं, बायबलच्या वचनाला वचन जोडलेलं, आणि ते उन्हातून आल्यावर मिळालेल्या ताकासारखं घशाखाली उतरत होतं. अर्जुनाचंच चुकलं म्हटलं की सगळं सुटतं. रडायलासुद्धा नको.

तिची मान हलायला लागली होती.

मग तिला ते बाळ आठवलं. क्रांतीचं. दोनच दिवस जगलं, आजोबाच्या शेजारी आहे. बनाबाईच्या जिभेवर आलं, त्या जिवाचा विश्वास कुठं कमी पडला, सांग की!

समोर क्रांती पदर पसरून बसली होती.

बनाबाईनं ते गिळलं. एवढ्या माणसांत लेकीचं बाळ उकरून काढायचं तिला जमलं नाही.

विश्वासांगीकार

माईक हातात आला तेव्हा तिला तो जड लागला.

"आमच्या माणसाचा गळा गेला, त्येला बोलता येईना. मी खाटंजवळ बसून विश्वासांगीकार म्हणायची. दर ओळीला त्यो बोटानं खाटंच्या लोखंडावर टकटक करायचा. प्रभूनं सोसलं, प्रभू मेला, त्येला पुरलं, तितं तर लय जोरात. नर्स वराडायची, आजोबा, खाट मोडंल!"

मागं कोणीतरी हसलं.

"त्येचा विश्वास कमी पडला न्हाई. माजा पडला व्हता, तवा त्येनं त्या बोटानं धरून ठिवला. एवढीच साक्ष."

आणि तिनं विश्वासांगीकार, दर रविवारी म्हणायची ती श्रद्धेची कबुली, सुरू केला. पहिली ओळ म्हणाली आणि सवयीनं थांबली. वडूजला असंच असतं, एकानं ओळ सांगायची, मंडळीनं मागून म्हणायची.

मागून पंख्याचा आवाज आला.

दुसरी ओळ. थांबली. कोपऱ्यात दगडाबाईचे ओठ हलले. मग तिनं तोंडाला पदर लावला.

सोसण्याच्या ओळीला कीबोर्ड सुरू झाला. कोणीतरी हळूच, अगदी मायेनं, माईक काढून घेतला. "मावशीसाठी प्रार्थना करू या," ऋषीदादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तेच तिला जास्त लागलं.

क्रांती जिन्यापर्यंत आली.

"तुझ्या एका शब्दानं माझं घर भरलं असतं."

"क्रांते, त्यानं भरत न्हाई गं."

"जा तू आता."

"जेवून घे. सकाळधरनं उपाशी हायस."

वर टाळ्या सुरू झाल्या होत्या. क्रांती वर गेली.

आशीर्वाद

तासगाव, विटा, वडूज. एसटीत पातळाला हळदीचा वास येत राहिला. घरी आल्या आल्या तिनं चुना भिजवला आणि दिवस मावळायच्या आत कुंचा घेऊन कबरी गाठल्या. आधी अर्जुनाची. मग दगडाबाईच्या नवऱ्याची, कारण तिथं यंदा कोण येणार होतं? चुना उरत गेला तशी ती पुढं सरकत गेली. छोटी कबर तिनं शेवटाला ठेवली होती. ती कुंच्याच्या चार फटकाऱ्यांत झाली. बनाबाई तरीही तिथंच हात फिरवत बसली.

पहाटे वारं होतं. मेणबत्ती टिकेना, तिनं नाद सोडला. अर्जुना आणि बाळ यांच्या मधे बसून तिनं पहिली ओळ म्हटली आणि मंडळीला म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली. दुसरी म्हटली. थांबली. सोसलं, मेला, पुरलं या ओळीला तिनं कबरीवर बोट आपटलं. चुना अजून ओलसर होता, बोट पांढरं झालं.

पुढची ओळ प्रभू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठण्याची होती.

ती म्हणून बनाबाई थांबली. या वेळी जरा जास्तच थांबली.