विचारायचं राहिलं

नवरा गेल्याचं कळल्यावर बाईंच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "सोबत कोण आहे, हे विचारायचं राहिलं तुझं."

ज्या मुलीने ती बातमी सांगितली, तिला उद्देशून हे वाक्य होतं. मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची. आवाज बारीक म्हणून वर्गात सगळे तिला चिमणी म्हणत. आणि बाई म्हणजे त्या कॉलेजातल्या सगळ्यांत जुन्या ट्यूटर. 'वाईट बातमी कशी सांगावी' हा धडा त्यांनी इतक्या बॅचकडून घोटून घेतला होता की तो त्यांच्या हाडीमांसी खिळला होता. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांच्यातली बायको मागे राहिली आणि परीक्षक पुढे सरसावली.

कॅज्युअल्टीशेजारच्या छोट्या खोलीत चिमणीने त्यांना नेलं आणि म्हणाली, "आपण जरा बसून बोलूया का?" या वाक्याने कुठलीही चांगली बातमी सुरू होत नाही, हे बाईंइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांना तिथेच कळलं. पण कळणं वेगळं आणि लागणं वेगळं, आणि मधल्या वेळात बाई मार्क देत बसल्या. खुर्ची अगदी समोरासमोर न ठेवता जराशी तिरकी ओढली, बरोबर. नजर एका पातळीवर, बरोबर. आडवळणाचे शब्द नाहीत, "मास्तरांचा मृत्यू झाला आहे" असं सरळ सांगितलं, बरोबर. मग गप्प राहिली, आणि पुरेशी गप्प राहिली. कागदी रुमालांचा डबा हाताशी होता. राहिला तो फक्त शेवटचा प्रश्न, आणि तो राहिल्याचं बाईंनी सांगून टाकलं. चिमणीचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. तो बाईंनी पाहिला, पण त्याचं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही.

बातमी सांगायला विद्यार्थिनीला का पाठवलं, असं कोणीही विचारील. डॉक्टर दुसऱ्या पेशंटच्या छातीवर दाब देत होते, आणि इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "तू जा, तुला येतं." तिला येत होतं हे खरंच. सरावात तिच्याइतके मार्क कोणालाच पडत नसत.

त्यानंतर बाई रडल्या नाहीत. नणंद येऊन राहिली, ती रडली. शेजारीण रडली. मास्तरांकडे गाडी शिकणारे शिंपीबुवा तर लहान मुलासारखे रडले. बाईंचे मिस्टर गाडी चालवायला शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा ते बाजूच्या सीटवर होते आणि गाडी शिंपीबुवांच्या हातात होती. ज्या गृहस्थाला इतक्या दिवसांत एक वळण धड घेता आलं नव्हतं, त्याने ती गाडी एकदाही बंद न पाडता दवाखान्याच्या दारात आणून उभी केली. "तेवढ्यातही म्हणाले हो, क्लच हळू सोडा," असं सांगून शिंपीबुवा पुन्हा रडायला लागले. बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. साखर किती, तेही विचारलं.

दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की ओठ आपला वाटत नाही, तसं बाईंचं सगळं अंग झालं होतं. मास्तरांना एक खोड होती. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक होता, त्यामुळे घरी टीव्हीवर कोणी गाडी जोरात पळवली की यांचा पाय सोफ्यापुढची फरशी दाबायचा. बाई त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा करत. आता त्या सोफ्यावर बसून त्या फरशीकडे बघत, आणि ती फरशीच असे. रजा संपत आली तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, माझ्याकडे चला थोडे दिवस." बाई म्हणाल्या, "परीक्षा आहेत." नणंद गेली आणि बाई कामावर हजर झाल्या.

कामावर काकू होती.

काकू म्हणजे लॅबमधल्या भिंतीवरच्या माणसाएवढ्या पडद्यावर राहणारी बाई. एआयवर चालणारी. पेशंटची नातेवाईक ही तिची कायमची भूमिका. कधी आई, कधी बायको, कधी बहीण. मुलींनी तिच्यासमोर बसायचं आणि तिला वाईट बातमी सांगायची. ती ऐकते, उलटसुलट विचारते, चिडते, रडते. आणि रडता रडता मार्कही देते, हे तिचं खास वैशिष्ट्य. मुलीची खुर्ची किती लांब, नजर कुठे, किती वेळ गप्प राहिली, शब्द कोणते वापरले, सगळं टिपते. एक कलम फार कडक होतं: विचारल्याशिवाय जास्तीचं सांगायचं नाही. दुःखातल्या माणसावर माहितीचा मारा करू नये, म्हणून. कोणी सांगितलं तर काकू दोन मार्क कापते.

तिला रडायला बाईंनीच शिकवलं होतं. मशीन आणणारी तरुण मंडळी लॅबमध्ये ठाण मांडून बसली होती तेव्हा बाईंनी दिवसचे दिवस समोर बसून सांगितलं होतं, असं नाही रडत कोणी, आधी हात थांबतात, मग माणूस काहीतरी भलतंच बोलतं, मग आवाज फुटतो. काकू शिकली. इतकं छान शिकली की बाहेरून बघायला आलेले पाहुणे डोळे पुसत जात, आणि प्राचार्य प्रत्येक वेळी काकू आपल्याच पोटची असल्यासारखे फुलत.

आणि याच काकूपुढे चिमणीचं घोडं अडलं. परीक्षेच्या प्रॅक्टिकलला ती बसली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. काकूने वाट पाहिली आणि शून्य दिलं. आता फेरपरीक्षा, आणि तीही शेवटची. यात नापास म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा.

"मुलगी हुशार आहे हो," प्राचार्य बाईंना म्हणाले, "पण मशीनपुढे मी काय करू? तुम्ही बसा देखरेखीला. ट्यूटरला मार्क बदलता येतात, कारण लिहून. तशी सोय आहे."

सोय होती. आजवर कोणी वापरली नव्हती. मशीनशी वाद घालून नसतं लचांड गळ्यात कोण घेणार?

दुपारी चिमणी लॅबमध्ये आली. इस्त्रीचा गणवेश, केस घट्ट बांधलेले. बाईंकडे तिने पाहिलं नाही. खुर्चीवर बसली, ती थेट कडेवर. पडद्यावर काकू उजळली आणि केस वाचून दाखवली गेली. मशीन केस आपल्या मनाने निवडतं, आणि त्याला मन नसतं. पती, हृदयविकाराचा झटका, उपचारांदरम्यान मृत्यू. बाईंनी ते ऐकलं. पोटात काहीतरी व्हायला हवं होतं, म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. काही झालं नाही.

"काय झालंय?" काकू म्हणाली. "माझे मिस्टर कसे आहेत? कोणी काही सांगत का नाही मला?"

चिमणीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"सिस्टर, तुमच्याशी बोलतेय मी," काकू म्हणाली.

चिमणीचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते. असंच चाललं तर मुलीचं वर्ष जाणार, हे बाईंना दिसत होतं. त्या उठल्या. स्वतःची खुर्ची उचलून पडद्यापुढे ठेवली आणि काकूकडे पाठ करून चिमणीच्या समोर बसल्या. यात माया वगैरे काही नव्हती, निव्वळ युक्ती होती. नियमात कुठेही लिहिलं नव्हतं की काकूच्याच डोळ्यात बघून बोललं पाहिजे, आणि माईक तर चालूच होता.

"तिच्याकडे बघू नकोस," बाई हळूच म्हणाल्या. "मला सांग. ती ऐकेल."

"तुम्हाला सांगितलंय मॅडम मी."

"मग पुन्हा सांग."

चिमणीने मान हलवली. मग एकदम तिचा धीर सुटला. "मास्तर गेले हो मॅडम," ती म्हणाली आणि रडायला लागली.

बाईंच्या डोक्यातल्या परीक्षकाने लगेच पेन उचललं. 'गेले' म्हणाली, दोन गेले. स्वतःच रडली, तीन गेले. खुर्ची लांब.

"मी त्या दिवशी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं," चिमणी म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही विचारलं नाहीत. विचारल्याशिवाय जास्तीचं सांगायचं नाही ना. मला वाटलं, आता विचारतील. शेवटी काही बोलले का, असं सगळेच विचारतात. काकूसुद्धा विचारते. तुम्ही माझी चूक काढलीत आणि उठून गेलात."

बाईंना ते आठवलं. आपण उठलो, खुर्ची जागेवर सरकवली, दिवा बंद केला.

"विचारते आता," त्या म्हणाल्या. "काही बोलले का?"

चिमणीने नाक पुसलं, तेही बाहीला. "आणलं तेव्हा शुद्धीवर होते. चांगले बोलत होते. मला ओळखलं. म्हणाले, तू हिच्या वर्गातली ना, लेक्चर चाललंय का तिचं? मी म्हटलं, हो, बोलावून आणते. तर म्हणाले, लगेच नको, संपू दे. मध्येच हाक मारली तर ती मलाच ओरडेल. हसलेसुद्धा. तरी मी निघाले. तर म्हणाले, मग असं सांग, गाडी दारात उभी आहे, पण आज तिलाच चालवायला लागेल."

रोज संध्याकाळी मास्तर बाईंना न्यायला येत, आणि रोज बाईंनी गाडी शिकावी म्हणून भुणभुण लावत. बाई रोज ती कानाआड करत.

"मग तू आलीस?" बाईंनी विचारलं.

"आले. पळत आले. दाराशी उभी राहिले."

पुढचं चिमणीने सांगायची गरजच नव्हती. वर्गाच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे, आणि त्या काचेत बाईंना त्या दिवशी एक चेहरा दिसला होता. लेक्चर संपायची वेळ टळून गेली होती, पण मागच्या बाकावरून कोणीतरी शंका काढली होती आणि बाईंना शंका अर्धवट सोडलेली खपत नसे. बोलणं न थांबवता त्यांनी काचेकडे तळहात केला होता. थांब. शिकवत होत्या तोही वाईट बातमी सांगायचाच धडा. काचेतला चेहरा नंतर केव्हा नाहीसा झाला, ते त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"मी आत यायला हवं होतं," चिमणी म्हणाली. "पण ते म्हणाले होते संपू दे, आणि तुम्ही हात केलात. मग वॉर्डबॉय मला शोधत आला. मी परत गेले तोवर..."

"मी हात केला होता," बाई म्हणाल्या.

"हो."

बाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर उताणा पडला होता.

मागे पडद्यावर काकू इतका वेळ ऐकत होती, आणि तिलाही बातमी कळली होती. तिचे हात आधी थांबले असणार. बाईंना ते दिसलं नाही. "पण त्यांचा डबा धुवायचा राहिलाय अजून," असं काहीतरी भलतंच ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. बाईंनी शिकवलं होतं तसंच सगळं, क्रमाने. बाई पाठमोऱ्या बसून ते रडणं ऐकत राहिल्या. आपल्या नवऱ्यासाठी या खोलीत एक विद्यार्थिनी रडतेय आणि एक मशीन रडतंय, आणि आपण दोघींच्या मध्ये कोरड्या बसलोय, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्याची त्यांना लाज वाटली. आणि इतक्या दिवसांत काहीतरी वाटण्याची ही पहिलीच वेळ होती.

काकू शांत झाली. पडद्यावर मार्क आले. शब्दयोजना, शून्य. स्वतःवर ताबा, शून्य. जास्तीची माहिती, वजा दोन. निकाल, अनुत्तीर्ण.

चिमणीने ते वाचलं, मान खाली घातली आणि पिशवी उचलली.

बाई कीबोर्डपाशी गेल्या. मार्क बदलायचं पान शोधायला त्यांना जरा वेळ लागला, कारण तिथे कोणी कधी फिरकलंच नव्हतं. 'उत्तीर्ण'वर खूण केली. खाली कारणाची चौकट होती, ती भरल्याशिवाय मशीन पुढे जाऊ देत नव्हतं. नेहमीची सगळी वाक्यं त्यांना पाठ होती आणि त्यातलं एकही चालणार नव्हतं.

'बातमी पोहोचली,' असं त्यांनी टाइप केलं आणि बटण दाबलं. मशीनने मुकाट्याने घेतलं.

"जा आता," त्या चिमणीला म्हणाल्या. "पास आहेस."

चिमणी दारापर्यंत गेली. दाराला हात लावला आणि तशीच थांबली.

"मॅडम," ती वळून म्हणाली, "तुमच्या सोबत कोण आहे?"

बाईंनी आधी नेहमीप्रमाणे मान डोलावली. बरोबर विचारलं, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न त्यांना विचारलाय.

"कोणी नाही गं," त्या म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज फुटला. हात थांबणं नाही, भलतं काही बोलणं नाही, शिकवलेला कुठलाच क्रम नाही.

चिमणीने पिशवी जमिनीवर टाकली, खुर्ची फरफटत आणली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.