अकराशे चाळीस फेरे

मित्रांनो, मी एक जुनी जोडसायकल आहे. दोन सीट, दोन हँडल, चार पायडल, आणि घंटा मात्र एकच. तीही मागच्या हँडलला. लोक हसायचे, की वाट दिसते पुढच्याला आणि घंटा मागच्याच्या हाती, हा कुठला न्याय? पण ते माझ्या मालकिणीला ओळखत नव्हते. आता मी गवत वाळवायच्या लाकडी मांडवात दोन खुंट्यांवर टांगलेली आहे. चाकांत हवा नाही. पुढच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला आहे. बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म सावा नदीच्या वरच्या खोऱ्यात, एका लोहाराच्या भट्टीपाशी झाला. गाश्पर नावाचा लाकूडतोड्या दोन मोडक्या सायकली घेऊन आला आणि म्हणाला, "ह्या दोघींना एकत्र जोडून दे."

"काल तर तुझं लग्न झालं. आज ही काय नवीन हौस?" लोहाराने विचारलं.

"त्यासाठीच तर. बायकोला फिरायला न्यायचंय. चालताना हात धरला की चिडते. म्हणते, मी काय बाजारची पिशवी आहे?"

त्याची बायको तिल्का. तिला दिसत नव्हतं. तिचे वडील खोऱ्यातल्या एका छोट्या स्टेशनावर मास्तर होते. नऊ वर्षांची असताना तापात तिची नजर हळूहळू गेली. त्या महिन्यात वडील तिला रोज स्टेशनासमोरच्या बाकावर नेऊन बसवत. समोर लिपाचं मोठं झाड होतं, फुलांनी लगडलेलं. डोंगर आधी पुसट झाले, मग रूळ, मग वडिलांचा चेहरा. झाड सगळ्यांत शेवटी गेलं. तिल्का म्हणायची, "मला बाकी काही आठवत नाही. ते झाड मात्र पानापानासकट आठवतं."

पुढे ती आगगाडी बंद झाली, रूळ उखडून नेले, स्टेशनही पाडलं. राहिली खडीची वाट, झाड आणि बाक. मोटारींचा रस्ता नदीपलीकडे. इकडे भोंगा नाही की धूर नाही. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून चढही अगदी सौम्य. मागच्या सीटवर न दिसणारी बाई बसवून निर्धास्त जावं अशी खोऱ्यात ती एकच वाट होती.

दर जूनमध्ये आम्ही तिघं लिपाची फुलं तोडायला जायचो. वाळवलेल्या फुलांचा काढा हिवाळ्यात खोकल्यावर लागतो. आमच्याकडे ज्या घरात तो नाही त्या घराला लोक आळशी म्हणतात. जाताना सतत चढ, त्यामुळे पाय थांबवायची सोय नव्हती. तिल्का मोजत जायची. घराच्या फाटकापासून झाडापर्यंत पायडलचे अकराशे चाळीस फेरे. एक कमी नाही, एक जास्त नाही. फेरे संपले की तीच म्हणायची, "थांब, आलं." मला त्याचा फार अभिमान वाटायचा. माझ्या मागच्या चाकाला दोन चकत्या होत्या, एक हलकी आणि एक जड. आम्ही कायम हलकीवर चालायचो.

वाटेत गाश्पर समोरचं सगळं सांगायचा आणि तिल्का घंटा वाजवायची.

"डावीकडे काय?"

"पोलोनाची गाय. तुझ्याकडेच बघतेय."

"काय म्हणते?"

"म्हणते, पुढचा बिचारा मरतोय आणि ही बाई मागे आरामात बसलीये."

"तिला म्हणावं, त्याला दूध कमी दे."

मित्रांनो, पंचवीस वर्षं माझी अशी मजेत गेली. मग एक चांगली गोष्ट घडली, आणि तिनेच घात केला. खडीच्या वाटेवर डांबर टाकून सायकलींचा पक्का मार्ग करायचं ठरलं. सगळं खोरं खूश. तिल्का तर सर्वांत जास्त, कारण खडीने तिची पाठ दुखायची. पण आखणी करणाऱ्यांनी झाडाला लाल पट्टा मारला. मुळं डांबर फोडतील आणि खोडही आतून पोकळ आहे, असं त्यांचं म्हणणं. गाश्परने खोडावर कुऱ्हाडीचा दांडा आपटून पाहिला. आवाज पोकळच आला. तो आखणी करणाऱ्या बाईंना म्हणाला, "पाडायचंच असेल तर मी पाडतो. परक्याचा हात नको."

एका सकाळी तो एकटाच माझ्यावरून निघाला. मागच्या सीटला करवत बांधलेली होती. तिल्काला म्हणाला, रानात काम आहे. दुपारपर्यंत झाड आडवं झालं. मग त्याने बुंध्याच्या कापावर कुऱ्हाडीने एक फुली मारली आणि फुलीच्या चारही कोपऱ्यांत चार छोटे घाव घातले. ही त्याच्या घराण्याची रीत होती. झाडात जो कुणी राहतो त्याला बसायला जागा हवी, असं त्याचे वडील म्हणायचे, आणि चार घाव ही फक्त ह्या घराची खूण. हे झाल्यावर तो खाली बसला आणि टोपीत तोंड घालून रडला. मी कुंपणाला टेकून सगळं पाहत होते. उठल्यावर त्याने माझ्या हँडलवर हात ठेवला. "तिला नाही सांगायचं. कळलं?"

मला कुठे बोलता येत होतं? पण त्या दिवसापासून मीही खोटारडी झाले, आणि त्याने गळ घातली म्हणून सगळं खोरंही.

अर्धा किलोमीटर पुढे, नदीला लागून, लिपाचं दुसरं झाड होतं. गाश्परने स्टेशनचा बाक उपटला, माझ्या दोन्ही सीटांवर आडवा बांधला आणि मला ढकलत तिथे नेऊन रोवला. पण फेऱ्यांचं काय? त्याने चेन उचलून जड चकतीवर घातली. जड चकतीवर एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. तीन दिवस तो एकटा खेपा घालत मोजत होता, आणि कमी-जास्त भरलं की थोड्या वेगळ्या दातांची जड चकती बसवत होता. तिसऱ्या दिवशी नव्या झाडापाशी बरोबर अकराशे चाळीस भरले.

जून आला. तिल्का म्हणाली, "आज जड का जातंय रे?"

"वय झालं तुझं."

"आणि नदी एवढी जवळ कशी ऐकू येते?"

"डांबरासाठी मधली झुडपं तोडली ना."

"स्टेशनाची जागा गार लागते आज."

"ढग आलाय."

ढग नव्हता. तिने बाक चाचपला, फुलांचा वास घेतला, आणि खोडाला दोन्ही हातांनी कवळ घातली. "बारीक झालंय हे," ती म्हणाली. गाश्पर म्हणाला, "झाडंही म्हातारपणी वाळतात." तिने ते मान्य केलं. पुढची सोळा वर्षं तिने त्या झाडाला कवळ घातली, आणि दर वेळी गाश्पर तोंड फिरवून उभा राहिला. लांबलांबचे प्रवासी पिशव्या लादलेल्या सायकलींवरून जाताना थांबायचे, माझे फोटो काढायचे, आमचं कौतुक करायचे. मला ते कौतुक बोचायचं.

मागच्या हिवाळ्यात गाश्पर गेला. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत संपलं सगळं. जाताना शुद्ध नव्हती, त्यामुळे सांगायचं राहूनच गेलं. की सांगायचंच नव्हतं, देव जाणे.

जूनमध्ये त्याची भाची नेझा आली. ती शहरात वाढलेली, तिला जुनं काही ठाऊक नव्हतं. "मामी, चल, फुलं आणू," म्हणाली. अंगणातच चार पायडल मारून दमली आणि उतरली. "मामा हे जड कसं ओढायचा?" असं म्हणून तिने चेन हलक्या चकतीवर टाकली.

मला ओरडायचं होतं. पण घंटा माझ्या हातात नव्हती.

तिल्का मोजत होती. ओठ हलत होते. "अकराशे चाळीस. थांब, आलं."

नेझाने ब्रेक लावला. "मामी, इथे तर काहीच नाही. नुसता रस्ता आहे."

"झाड आहे समोर."

"नाही गं. झाड नाही."

तिल्का उतरली. हात पुढे धरून चालत गेली. हातांना काहीच लागलं नाही. डांबर संपलं, गवत लागलं, आणि तिचा बूट कशाला तरी अडला. ती गुडघ्यांवर बसली, गवत बाजूला केलं, आणि बुंध्यावरून बोटं फिरवू लागली. काठ, मधली पोकळी, मग फुली. मग एक, दोन, तीन, चार घाव.

बोटं तिथेच थांबली.

"हे त्याने कापलंय," ती म्हणाली.

"मामाने? काहीतरीच. मामा तर तुला दरवर्षी घेऊन येत होता."

"हो. येत होता." ती बुंध्याला धरून उठली. मग म्हणाली, "चेन कुठल्या चकतीवर होती?"

"जड होती. मी बदलली."

मित्रांनो, तिल्का हुशार बाई. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती नेझाचा हात धरून पुढे चालत गेली. हात धरलेला तिला आवडत नाही, तरी धरला. दुसऱ्या झाडापाशी पोचून बाकावर बसली. वर फुलं लगडली होती, तिने एकही तोडलं नाही.

"सोळा वर्षं," ती म्हणाली. "सोळा वर्षं माझ्या पुढे बसून हा माणूस एकटा कुढत राहिला. अरे मूर्खा, मला सांगायचंस ना. झाड गेलं तर गेलं. दोघं मिळून रडलो असतो." मग ती रडली, पण एकटीच. नेझा शेजारी बसून होती, पण ते रडणं नेझाबरोबर रडायचं नव्हतं.

त्या दिवसापासून मी इथे टांगलेली आहे. तुम्ही कधी आमच्या खोऱ्यातून सायकलवर गेलात, तर वाटेच्या कडेला एक बुंधा दिसेल. क्षणभर उतरा. आणि तुमच्या घरी एखादी जुनी सायकल टांगलेली असेल, तर तिच्या चेनला तेल घाला. आणखी एक मागते. जो पुढे बसतो त्याने मागच्याला समोरचं खरं सांगावं. मोडलेलं असलं तरी सांगावं. मागचा माणूस दिसतो तेवढा नाजूक नसतो.

तिल्का अजून येते. गेल्या आठवड्यात तिने नेझाला माझी चेन परत जड चकतीवर घालायला लावली. आता ती शेजारी उभी राहून मागचं पायडल हाताने फिरवते आणि मोजते. अकराशे चाळीस झाले की हात थांबवते, आणि पुढच्या सीटकडे तोंड करून हळूच म्हणते, "आलं. आता सांग."