बंद स्टेशनवरचा तंतोतंत थांबा

शहराच्या ऐन मध्यातल्या बोगद्यात आमच्या मेट्रोचं एक बंद स्टेशन आहे. शेजारी मोठं स्टेशन झालं तेव्हा याला टाळं लागलं. फलाट तेवढा राहिला, कारण फलाट काही गुंडाळून माळ्यावर टाकता येत नाही. शिकाऊ चालकांना तिथे रिकामी गाडी थांबवायचा सराव देतात. गाडीचं नाक पिवळ्या खुणेवर आणायचं, दारं उघडायची, मग परीक्षक मॅडम टेप घेऊन खाली उतरतात आणि आपण किती चुकलो ते मोजतात.

मी कायम चुकायचो. परीक्षेत दोनदा नापास झालो होतो. तिसरी संधी शेवटची, आणि तीही गेली तर काकांचं उशांचं दुकान. तिथे मी आधी काम केलं होतं. गिऱ्हाइकाला उशी कशी घ्यायची ते आडवं होऊन दाखवता दाखवता मला झोप लागायची. काकांनी एकदाही ओरडून उठवलं नाही. अंगावर चादर घालायचे, आणि माल वाया जाऊ नये म्हणून चादरीला किमतीची चिठ्ठी लावायचे. एका बाईंनी माझा भावही विचारला होता. अशा भल्या माणसाला परत छळायला जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

परीक्षेच्या सकाळी काका म्हणाले, "नाही जमलं तर ये. तुझी गादी रिकामीच आहे."

"काका, हा धीर आहे की धमकी?"

"दोन्ही. डबा घे."

या वेळची परीक्षा माणसांनी भरलेल्या गाडीवर होती, आणि तशी गाडी मी पहिल्यांदाच चालवत होतो. मॅडम माझ्या पाठीशी उभ्या होत्या. त्या हसल्याचं पाहिलेला माणूस आमच्या खात्यात नाही. एक होता, तो म्हणे शिंकेला हसू समजला होता.

सुरुवातीची स्टेशनं बरी गेली. मग समोर बंद स्टेशनचे मिणमिणते दिवे दिसले. गाडीत माणसं असताना तिथून न थांबता पुढे जायचं असतं. हे मला ठाऊक होतं. माझ्या हाताला नव्हतं. ते दिवे दिसले की ब्रेक, एवढंच त्याला शिकवलेलं. त्याने ब्रेक लावला.

गाडी इतकी अलगद थांबली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. मी दारं उघडली. मॅडम टेप घेऊन उतरल्या, वाकल्या, मोजलं.

"तंतोतंत! शाब्बास रे!" म्हणत त्या सरळ झाल्या, तर शेजारी पडद्याचा लांबलचक दांडा खांद्यावर घेतलेला एक माणूस.

"बाहेर जायचं कुठून?" त्याने विचारलं.

मॅडमनी टेपकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला समोर काकांची गादी दिसत होती. चादरीसकट.

दार उघडलं म्हणून निम्मी गाडी खाली उतरली होती. दांडेवाला उत्तराची वाट न बघता जिन्याकडे गेला आणि टाळं लावलेल्या जाळीसमोर उभा राहिला. त्याच्यामागे शिस्तीत रांग लागली. कुणालाच शंका नव्हती. जाळी आहे म्हणजे उघडेलच.

मी धावत तिथे गेलो. "मंडळी, माफ करा. हे स्टेशन बंद आहे."

"मग थांबवलीत कशाला?" दांडेवाल्याने विचारलं.

"सवयीने."

त्याने थोडा विचार केला. "आम्हीसुद्धा सवयीनेच उतरलो."

आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. एकही पडली नाही. लोक वळले. दांडा वळेना, तेव्हा दोघांनी त्याचं दुसरं टोक धरलं. एका आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"होतं रे बाळा. माझ्या लेकीने घर बदललं, तरी मी अजून जुन्याच घरी जाते तिला भेटायला. नवे भाडेकरू चहा करतात."

शेवटचा माणूस आत चढल्यावर मी दारं लावली. तेवढ्यात कंट्रोल रूमचा फोन वाजला. मी तोंड उघडायच्या आत मॅडमनी तो घेतला.

"गाडी का थांबली?"

"चालकाने चुकून थांबवली," मॅडम म्हणाल्या. मी डोळे मिटले. "आणि मी चुकून उतरून मोजलं."

"काय मोजलं?"

"थांबा. तंतोतंत आहे."

पलीकडे काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. मग, "प्रवासी?"

"सगळे आत. त्यानेच आणले. दांड्यासकट."

"कसला दांडा?"

"पडद्याचा," म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

स्वतःचं नाव त्यांनी घेतलं नसतं तरी चाललं असतं. घेतलं, आणि वरिष्ठांची पंचाईत झाली. मला नापास करायचं तर त्यांनाही करावं लागणार. शेवटी दोघांचीही फेरपरीक्षा ठरली. त्या वेळी बंद स्टेशन जवळ आलं तसे मॅडमनी दोन्ही हात खिशात कोंबले. टेप तर त्या घरीच ठेवून आल्या होत्या. मी दात आवळून सरळ पुढे गेलो. दोघेही पास झालो.

काकांनी बक्षीस म्हणून दुकानातली सर्वांत चांगली उशी दिली. "केबिनमध्ये पाठीला घे. डोक्याखाली घेतलीस तर बघ."

आता रोज त्या फलाटासमोरून जाताना मी हात वर करतो, मॅडमसाठी, त्या आजींसाठी, आणि जाळी उघडायची वाट बघत उभ्या राहिलेल्या त्या रांगेसाठी. ब्रेकवरचा हात नव्हे, दुसरा. ब्रेकवरच्या हातावर माझा अजून विश्वास नाही.