चांदीच्या ठिणग्या

"एक," सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्रोफेसर वेंडलांट म्हणाले. "आणखी एक. डावीकडे."

काळोखात पलीकडे बसलेली त्यांची सहायक हेडविग लोझे चाचपडत कागदावर रेघा ओढत होती. तळघरात उतरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत अर्धा तास नुसतं बसावं लागे. बायको गेल्यापासून वेंडलांटांना माणसाची सोबत अशी तेवढीच. त्यासाठी ते सकाळपासून घड्याळ बघत, पण मेले तरी कबूल करत नसत.

रेडियमच्या किरणांनी चांदी फुटते आणि तिचे कण सूक्ष्मदर्शकाखालच्या पडद्यावर ठिणग्या पाडतात, हा त्यांचा शोध. त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांना मात्र त्या ठिणग्या काही केल्या दिसत नव्हत्या.

"वाइन ढोसून मोजायला बसत असतील," वेंडलांट म्हणत.

आजवर रेडियमची डबी पडद्यासमोर तेच बसवत आणि तेच मोजत. आज कंबर धरली म्हणून डबीचं काम त्यांनी लोझेवर सोपवलं होतं.

"पुरे. दिवा लावा. आज भरपूर दिसल्या."

दिवा लागला. रेडियमची डबी कोपऱ्यातल्या शिशाच्या पेटीतच होती. पेटीचं कुलूप निघालेलंच नव्हतं.

"बसवायची विसरलात?"

"नाही, प्रोफेसरसाहेब. मुद्दाम बसवली नाही."

वेंडलांटांनी डोळे चोळले. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. इथे तर माणूस टक्क जागा होता. त्यांना तिचा राग आला. पण रागवावं असं तिने काही केलंच नव्हतं, आणि मग त्यांना फार एकटं वाटलं.

"संशय कधीपासून होता?"

"वसंतात तुम्ही आजारी होतात, तेव्हा मी गुपचूप डबी बसवून एकटीने पाहिलं. एकही ठिणगी दिसली नाही. वाटलं, माझेच डोळे अधू."

"हे लिहून बर्लिनच्या नियतकालिकाला छापायला पाठवा. तुमच्या नावाने."

"तुमचा शोध तुम्हीच मागे घ्या ना. ते बरं दिसेल."

"मी घेतलं तर म्हणतील, म्हातारा थकला. तुम्ही लिहिलंत तर म्हणतील, कुणीतरी तपासलं."

"आपल्याच प्रोफेसरांना खोटं पाडणाऱ्या बाईला इथे कोण ठेवील?"

"इथे कुणी नाही. व्हिएन्नावाले घेतील. मी शब्द टाकतो."

"आणि तुमच्याबरोबर मोजायला कोण?"

"मोजायला आता राहिलंय काय?"

वेंडलांटांनी खुंटीवरचा तिचा कोट काढला आणि तिच्यासाठी उघडून धरला. तिला बाही लवकर सापडेना. त्यांनी घाई केली नाही.