दुसऱ्या डिस्कवरही नाही

हिरवा झाला सर्व्हरवरचा तो दिवा – तांदळाच्या दाण्याएवढा – आणि निशिगंधाने मान वर केली. सकाळी सर्व्हरमधल्या दोन डिस्कपैकी एक बंद पडली होती. तिने ती काढून नवी बसवली, आणि उरलेलीवरचं सगळं नवीवर उतरत असताना चाकणच्या या कारखान्यात कुणाला काही कळलंसुद्धा नाही... प्रेस धडधडत होते, ड्रॉइंगं उघडत होती, अकराचा चहाही येऊन गेला. यासाठीच तर दोन. एकीवर लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवर.

“ताई, जरा काम व्हतं.”

दारात टूलरूमचे सोपानराव. शेजारच्या निघोजे गावचे, येत्या शनिवारी निवृत्त होणारे. “माझं वह्यांचं फोल्डर काल पुसलं गेलं. साफसफाई करताना, माझ्याच हातनं. दुसऱ्या डिस्कवरनं काढून द्या.”

किती सहज म्हणाले... आणि का म्हणणार नाहीत, मीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, याच टेबलाशी, त्यांच्या सव्वीस वह्या पानपान स्कॅन करताना – प्रेसच्या साच्यांपैकी कुठली डाय किती घासली, कुठे झीज भरायला पत्री घातली, कुठला पंच कशाने तडकला – ‘काका, एक डिस्क गेली तरी दुसरी आहे.’ त्याच आठवड्यात त्यांनी वह्या रद्दीत दिल्या आणि लॉकर मोकळा झाला म्हणून हसत सांगायलाही आले. तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. आपल्या शब्दावर कुणी वह्या टाकल्या, याचं बरंच वाटलं होतं...

डिस्क मेली तर दुसरी सांभाळते. माणसाने पुसलं तर दुसरीही पुसते, तितक्याच इमानाने. त्यासाठी वेगळी प्रत लागते, हे तिला ठाऊक होतं. प्रतीची हार्डडिस्क गेल्या वर्षी बिघडली, आणि नवी मागवू, मागवू म्हणत...

“बघते, काका.”

“निवांत बघा. शनिवारी माझ्या जागी येणाऱ्या जयमालाबाईंना सोपवायचंय. मला आता समदं आठवत न्हाई.” ते खुर्ची ओढून बसले.

ती उगीच स्क्रीनवरच्या खिडक्या उघडत राहिली, बंद करत राहिली. जुनी डिस्क टेबलावर पडली होती – सकाळी ही गेली, त्यात तुमचं गेलं – एवढं एक वाक्य, आणि त्यांनी ते मानलं असतं, वर तिलाच धीर दिला असता.

“दुसऱ्या डिस्कवरही नाही,” ती म्हणाली. “पुसलेलं तिथूनही जातं. वेगळी प्रत मी ठेवली नाही. तुम्हाला सांगितलं ते अर्धंच होतं.”

“आन् वह्या तर...” सोपानरावांनी चष्मा काढला, हातातच धरला. मग म्हणाले, “कागुद घ्या. सुचंल तसं सांगतो.”

दोन डाय सांगून झाल्या. तिसऱ्यापाशी ते अडले, ओठ हलत राहिले, आकडा येईना. पेन धरून ती बसली होती. सांगून टाकलं की सुटेन, असं वाटलं होतं, सुटली नाही. त्यांच्या ओठांकडे बघता बघता तिला आणखी आठवू लागलं – तपासणी विभागातल्या सुमनताईंनाही मी हेच अर्धं सांगितलं होतं... स्टोअर्सच्या धम्मरत्नला, आणि डिस्पॅचमध्ये कुणाला तरी, जेवताना, सहज... त्यांनी काय काय टाकून दिलं असेल?